लक्षद्वीपची बोट आणि बॅगेतला सातबारा

माझा धाकटा भाऊ संतोष मुंबईत नोकरीला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला. "दादा, क्रूझला जाऊ. मुंबई ते लक्षद्वीप. तिकिटं मी काढली."

"आणि बायका?"

"नको. आपण दोघंच."

तिथेच मला खटकलं. ज्याने मला कधी चौपाटीवर नेलं नाही, तो थेट समुद्रात कशाला नेतोय? पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीच्या माथ्यावर, आम्हा दोघांच्या नावावर एक माळ आहे. बंगलेवाल्यांची त्यावर नजर आहे, आणि विकायचा तर दोघांच्या सह्या लागतात. बायको म्हणाली, "जावा की. पण कुठं सही करू नका."

देवीला नारळ ठेवला आणि सकाळची एसटी धरली. जाणाऱ्यांनी मूळ आधार कार्ड जवळ ठेवावं. बाहेरचं खाणं बंदरावर काढून घेतात, माझ्या भाकऱ्या तिथेच गेल्या. तिकिटाचा आकडा मला सांगता येणार नाही, कारण संतोषने तो मलाही सांगितला नाही. त्याचाही संशय आलाच.

बोटीवर शाकाहारी जेवण वेगळं मिळतं. तरी वाढायचे डाव वेगळे आहेत ना, हे मी तीनदा विचारलं. संतोष माझी बॅग उचलायचा, चहा आणून द्यायचा. प्रत्येक चहाबरोबर मला वाटे, आता कागद काढेल.

दुसऱ्या दिवशी किनारा दिसेनासा झाला आणि बोट डोलू लागली. आंबेनळी घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसून मी डबा खाल्लेला आहे. महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या वासात वीस वर्षं पाळ्या केल्यात. समुद्राने मला अर्ध्या तासात आडवा केला. खोली घ्यायची तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्यावी. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. मी दोन्हीपैकी एकही केलं नव्हतं.

संतोषने बादली धरली, माझं तोंड पुसलं. मग लिंबूपाणी आणायला जाताना म्हणाला, "गोळी माझ्या बॅगेत हाय बघ."

गोळ्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आमच्या माळाचा सातबारा होता.

गोळी घेतली. उलट्या थांबल्या. तो परत आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

तिसऱ्या दिवशी लहान होड्यांतून आम्हाला बेटावर उतरवलं. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू मोजावी. पण माझ्या पायांखाली जमीनही डोलत होती. पन्नास रुपयांना शहाळं मिळालं. माडाच्या सावलीत बसलो आणि मी म्हणालो, "काढ कागद. कुठं सही पायजे?"

"कसली सही?"

"सातबारा बघितला मी बॅगेत."

त्याने शहाळं खाली ठेवलं. "माझं नाव अजून हाय का नाय, ते बघायला काढला. तूच माणसं घेऊन गेलास ना माळावर? गावातनं फोटो आला मला."

मी शहाळ्यातली नळी ढवळत राहिलो.

"तीन दिवस विचारीन म्हणतोय, तर तू नुसता ओकतोयस!"

"मग गावात का नाय विचारलंस?"

"गावात तू उठून गेला असतास. हितनं जाशील कुठं?"

खरं होतं. दर काय येतो तेवढा बघू, म्हणून मीच एका एजंटला वर नेलं होतं. जमीन मोजायच्या टेपचं एक टोक मी धरलं होतं, माळावरच्या देवीच्या ठाण्याशेजारी उभा राहून. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"इकणार होतास?"

"ठरलं नव्हतं," मी म्हणालो.

"नोकरी संपली की मला तिथं घर बांधायचंय, दादा. दुसरीकडं कुठं जाऊ मी?"

परतीला समुद्र शांत होता. आम्ही डेकवर शेजारी बसलो.

ही सहल करावी का, असं ओळखीचे विचारतात. करावी. पाणी बघण्यासारखं आहे आणि गोळीने मळमळ थांबते. मला मात्र बोटीपेक्षा त्याने धरलेली बादली जास्त आठवते. ती धरताना त्याच्या मनात माझ्याविषयी काय होतं, ते आता मला माहीत आहे.

घरी आल्यावर आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि एजंटला नकार कळवला. मग संतोषला फोन करून तसं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "किती वाजता कळवलंस?"

मी वेळ सांगितली. त्याच्या जागी मीही ताडून बघितलं असतं.