प्रकाशाची झडप

लेसरचा प्रकाश एका जोरदार झोताऐवजी विस्कळीत यायचा आणि तो सुधारायला सरांनी आम्हाला आजचाच दिवस दिला होता. माझी सहकारी वसुधा हिने गॅमा किरणांनी रंगवलेला नखाएवढा स्फटिक लेसरच्या दोन आरशांमध्ये झडप म्हणून बसवला.

"याला ना तार, ना मोटर. ही झडप उघडणार कशी?" मी विचारलं.

"आधी प्रकाश पिईल. आणखी मावेना झाला की क्षणभर पारदर्शक होईल."

गॉगल चढवून आम्ही लेसर सुरू केला. तड्! समोरच्या पत्र्यावर ठिणगी उडाली. आम्ही दोघी ओरडलोच!

गॅमा किरणांच्या माऱ्याने स्फटिकातला अणू जागेवरून निसटला की ती जागा रिकामी राहते आणि तिथेच स्फटिक रंग धरतो. पुस्तकात त्याला दोष म्हणतात. त्या दोषानेच प्रकाश थोपवला होता आणि एका झटक्यात मोकळा सोडला होता.

सरांना बोलवायला वसुधा दाराबाहेर काढलेल्या चपला विसरून अनवाणीच धावली.