फ्रीजरची खंडेनवमी

वैजनाथ आमच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं होता आणि अकराही वर्षं कंत्राटीच होता. मूळचा वाशीमकडचा. पुण्यात पीएचडी झाला, कोथरूडला दोन खोल्यांत संसार मांडला. नेमणुकीचं पत्र मात्र दर मार्चला नवं. मी तिथली टेक्निशियन, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. त्यामुळे त्याला चार शब्द सुनवायचा हक्क मी आपणहून घेतला होता. "अहो डॉक्टर, चिखल कालवायला एवढं शिकलात होय?" म्हणायचे.

तो वारज्यातल्या जुन्या विहिरींचा गाळ आणायचा. विहिरी बुजवून इमारती उठत होत्या. हा गडी डंपरच्या आधी पोचायचा. त्या गाळात त्याला एक नवा जीवाणू सापडला. उपासमार झाली, की हे जीव हजारोंनी सरपटत एकत्र येतात आणि मोहरीहून बारीक, केशरी झाड उभं करतात. हे सांगताना त्याचा चहा हमखास निवायचा. नव्या जातीला नाव मिळायचं, तर जिवंत नमुना दाखवावा लागतो. फोटो चालत नाहीत. नमुने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होते. जादा संच? तोही त्याच फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात. हुशार माणसं असंच करतात.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, बाकीच्यांना झेंडूचे हार. त्या वर्षी वैजनाथचा शोधनिबंध पुरा होत आला होता, स्वारी खुशीत होती. फ्रीजरला रोषणाई करायची म्हणून त्यानं दिव्यांची माळ आणली आणि फोटोपुरता फ्रीजरचा प्लग काढून तिथं माळ लावली. पेढे आले, फोटो झाले, माळ तशीच राहिली. पुढे दसरा आणि जोडून सुट्ट्या. आतली थंडी उतरल्यावर फ्रीजरचा बॅटरीवरचा धोक्याचा भोंगा रिकाम्या इमारतीत वाजून वाजून गप्प झाला असणार.

सोमवारी दार मी उघडलं. फरशीवर पाणी होतं आणि माळ लुकलुकत होती.

दोनशे बारा नळ्यांतल्या वितळलेल्या पाण्यातून काही जगलंय का, ते त्यानं एकेक नळी घेऊन वाढवून पाहिलं. तीन आठवडे. वाढली ती फक्त बुरशी. विहिरींच्या जागी आता पार्किंग होतं. सगळं मुसळ केरात. चौकशीत त्यानं "प्लग मी काढला" एवढंच लिहिलं, आणि मार्चमध्ये पत्र आलं नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर ते कळेना.

शेवटच्या दिवशी टेबल आवरताना तो म्हणाला, "ते झाड जिवंत पाहिलेले आता आपण दोघंच, राधाताई. मी म्हटलं तर कोण ऐकणार? पण तुम्ही सांगाल न, की होतं म्हणून?"

"सांगेन की. पाहिलंय ना मी," मी म्हणाले.

अकरा वर्षांत त्यानं मला कितीदा मायक्रोस्कोपपाशी बोलावलं असेल. दर वेळी मी चष्म्यासकट डोळा टेकवायचे, धुरकट काहीतरी दिसायचं, "वा, छान" म्हणायचे आणि कामाला लागायचे. फोकस जुळवायला एकदाही थांबले नाही.