डाव्या पायातला बूट

आमच्या दाजींना घरात सगळे भिंगरी म्हणतात. दुधाकडे लक्ष द्या म्हणून उभं केलं, तर दाजी खिडकीची कडी दुरुस्त करत बसणार आणि दूध ओट्यावर. चाळिशीत डॉक्टरांनी या स्वभावाला एडीएचडी असं नाव दिलं. ताई म्हणाली, "नाव कळलं, पण ओटा कोण पुसणार?"

हसायला ठीक आहे. पण दाजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि मी त्यांच्या हाताखाली. मी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा ते आठ मजले वर, मोटरच्या खोलीत, मेन स्विच बंद करून काम करत असतात. माझा जीव त्या स्विचवर.

युक्तीही त्यांचीच. स्विच पाडला की डाव्या पायातला बूट काढून नाडीने स्विचच्या दांड्याला अडकवायचा. लक्ष कुठेही भरकटो, उघडा पाय आठवण देतो. मी वर येऊन बूट हातात देईपर्यंत तो घालायचा नाही. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी लिफ्ट खालूनच बंद करायचा खड्ड्यातला स्विचच बदलायचा होता. तो सुटा माझ्या हातात, आणि डोक्यावर लिफ्टचा दिवा लागला. मी ओरडलो. आवाज वर पोचत नाही, हे माहीत असून ओरडलो. लिफ्ट हलली. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो. वीतभर खाली येऊन ती थांबली, दिवा विझला.

दाजी जिना धावत उतरले. दोन्ही पायांत बूट.

"वर पाणी सांडलं होतं रे. मोजा भिजला म्हणून बूट घातला. मग पायात बूट दिसला, म्हटलं काम झालं, आणि स्विच लावला. तुला टाळी द्यायला वळलो, तर तूच नव्हतास. तसाच परत पाडला."

ते पायरीवर बसले. "उद्यापासून खाली मी," म्हणाले.

तेव्हापासून वर मी असतो, स्विचला बूट माझा. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं सगळे म्हणतात. परवा ताईचा फोन आला. "यांनी गोळी घेतली का रे?" आवाज तुटत होता म्हणून बोलत बोलत गच्चीवर गेलो. तिथून म्हटलं पाण्याची टाकी बघावी. टाकीपाशी तापलेल्या फरशीने डावा पाय पोळला.

तसाच पळत आत आलो. बूट दांड्यालाच होता. तरी मी खाली तोंड करून हाक मारली, "दाजी, आहात ना?" आवाज पोचत नाही, हे मला माहीत आहे.