कोरड्याला विटाळ नाही

“मसाला जातोय ना अमेरिकेला? मग तुला गं कशाला जायचंय?”

वकिलीणबाईंनी हे विचारलं आणि सगळी बैठक हसली. पंधरा-वीस पोरंपोरी, त्यांचे आईबाप, हातात चहाचे कप. सुलतान बाजारातलं वकीलसाहेबांचं घर ते. आमच्या हैदराबादच्या मराठी लोकांतलं मोठं घर, तीन पिढ्या कोर्टकचेरीत. मी मागच्या दारात उभी होते, तिथून मधल्या खोलीतून सरळ बैठक दिसायची. काखेत डबा, डब्यात माझ्या मायनं कांडलेला काळा मसाला. हातात झेरॉक्सचं एक पान. तेवीस वर्षांची होते. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हसणाऱ्यांत दोन पोरं माझ्याच वर्गातली, माझी जर्नलं उतरवून पास झालेली. ती पण हसली, हरामखोर.

आता ते पान काय होतं, ते सांगते. त्याशिवाय समजायचं नाही.

आम्ही नांदेडकडचे महार. आजोबा पोटासाठी हैदराबादला आले आणि मलकपेठला रेसकोर्सच्या मागं राहिले ते राहिलेच. बाबा तिथल्याच तबेल्यात, घोड्यांची चाकरी. माय मसाले कांडायची. बेगम बाजारातून मिरच्या, धणे, खोबरं, दगडफूल आणायचं, भाजायचं, उखळात कांडायचं, चाळायचं. दिवसभर ठसका. तिच्या हातांची आग कधी थांबलीच नाही, भाकरी थापताना पण फुंकर मारायची बोटांवर. सुलतान बाजारापासून काचीगुड्यापर्यंत सगळ्या मोठ्या घरांत तिचा मसाला जायचा.

महारणीच्या हातचा मसाला त्या घरांत कसा चालायचा, असं विचाराल. चालायचा हो. कोरड्याला विटाळ नाही, असा त्यांचा नेम. मिरचीपूड चालते, मेतकूट चालतं, भाजणी चालते. पाण्याचा थेंब लागला की बाटलं. म्हणून लोणचं आमच्याकडून कधी घेतलं नाही. पाणी तर नाहीच. आमची माय वीस वर्षं त्या घरांच्या आमटीत होती आणि तिला त्यांच्या माठाला हात लावता येत नव्हता.

तेव्हा पेपरात रोज यायचं, देशाची दारं उघडली. अमीरपेटच्या गल्ल्यांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, एसटीडी बूथवर गर्दी, जो तो अमेरिकेला निघालेला. वकीलसाहेबांचा थोरला तिकडं शिकायला गेला होता. त्यानं पत्रांतून जे जे कळवलं, ते सगळं त्यांनी एका फाइलीत लिहून काढलं. खायला काय न्यायचं, शिकायला पैसा कुठून मिळवायचा, अर्ज कुणाला करायचा. ही फाइल घरोघर फिरायची. कुणाच्या घरोघर, ते मी काय सांगू. आमच्या घरी ती सात जन्मांत आली नसती.

पण एक पान आलं. त्या वर्षी दहा पोरं जाणार होती, मसाल्याची ऑर्डर मोठी, कितीतरी महिने आधीच सांगितलेली. वकिलीणबाईंनी खाण्याच्या यादीचं पानच मायला देऊन टाकलं. “पोरीकडनं वाचून घे,” म्हणाल्या. मी वाचलं. पान सात. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी. लोणचं नेऊ नये, तेल कपड्यांना लागतं. तांदूळ नेऊ नये, तिथं मिळतो. कुकर न्यावा, शिट्टी आणि रबर जास्तीचं. वाचता वाचता पान उलटलं. वकीलसाहेब मोठे चिक्कू, कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढायचे. पान आठ मागच्या बाजूला होतं.

पान आठवर पैशाचं होतं. प्राध्यापकाला थेट पत्र लिहावं. आधी त्याचा एखादा शोधनिबंध वाचावा आणि त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. “मला मदत करा” असं कधीही लिहू नये, “तुमच्या प्रयोगशाळेत मी हे काम करू शकेन” असं लिहावं. अर्जाची फी माफ करा म्हटलं तर पुष्कळदा माफ होते. विभागात शिकवण्याचं काम मिळालं तर शिक्षणाची फी पण माफ होते आणि महिन्याला पगार पण मिळतो.

मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे हे सगळं होतं? बापाकडं जमीन नसताना पण जाता येत होतं? आणि हे त्यांना माहीत होतं, आणि मी डबे पोचवायला त्यांच्या दारात महिन्यातून चार वेळा जात होते, आणि एकानं पण तोंड उघडलं नव्हतं.

अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन बसले. रसायनशास्त्राच्या मासिकांचे जुने अंक काढले, पत्ते उतरवले, निबंध वाचले. डिक्शनरी घेऊन वाचले, खोटं कशाला सांगू. तिकडच्या प्रवेशपरीक्षांच्या फीसाठी मायनं कानातले मोडले. नऊ पत्रं टाकली. एका प्राध्यापकाचं उत्तर आलं. अर्ज कर, माझ्याकडं जागा आहे. अर्जाची फी माफ करा म्हटलं, माफ झाली, अर्ज टाकला.

पण पान आठच्या तळाला एक ओळ होती: “हमीपत्राशिवाय व्हिसा नाही. ते कुणाचं आणि कसं, पाहा पान नऊ.” पान नऊ माझ्याकडं नव्हतं. माझ्या खर्चाची हमी कोण घेणार, तबेल्यातले घोडे? म्हणून डबा पोचवायच्या निमित्तानं गेले. मला वाटलं, मागितलं तर देतील. वीस वर्षं मायच्या हातचं खातात. मूर्ख होते मी.

“बाई, मला पान नऊ बघायला मिळेल का? मी पण अर्ज केलाय,” एवढंच म्हणाले. त्यावर ते मसाल्याचं वाक्य आलं, आणि ते हसू.

वकीलसाहेब उठून आले. माझ्या हातातलं पान काढून घेतलं. ओढलं नाही, सावकाश काढून घेतलं, लहान मुलाच्या हातातली कात्री घेतात तसं. “हे आमच्या मंडळींचं आहे, पोरी,” म्हणाले. “तुला कोट्यातनं शाळेत नोकरी लागेल. तुमच्या लोकांना काय कमी आहे आता?”

डोळ्यांत पाणी आलं, ते मी गिळलं. पान गेलं तर गेलं, अक्षर न् अक्षर मला पाठ होतं. डबा खाली ठेवला होता, तो उचलला.

“मग मसाला पण जायचा नाही.”

“अगं ए! परवा पोरांच्या बॅगा भरायच्यात!” वकिलीणबाई ओरडल्या. मी चालत सुटले. मुसी नदीच्या पुलावर आले तेव्हा कळलं, डबा छातीशी घट्ट धरलाय आणि मी मोठ्यानं शिव्या देतेय. लोक वळून बघत होते. बघू देत.

घरी मायनं थोबाडीत मारली. “तुला कायकू बोलायचं होतं? डबा द्यायचा अन् यायचं!” आठ दिवसांत मसाल्याची पाच घरं तुटली. मोठी घरं एकमेकांना कळवतात, त्याला फोन लागत नाही. मला मायचा राग आला. आज सांगताना लाज वाटते, पण आला. मार खायचा आणि मारणाऱ्याचं मन सांभाळायचं, असं कसं जगलीस गं, असं मी तिला तोंडावर विचारलं. बाबाच बोलले, कधी नाही ते. “तबेल्यात हर घोड्याच्या दारावर कागद लावलेला असतो. काय खायचं, किती खायचं. जनावराला बी कागद मिळतो,” म्हणाले आणि ताटावरून उठले.

उन्हाळ्यात विद्यापीठाचं पाकीट आलं. शिकवण्याचं काम, फी माफ, पगार. मी पाकीट घेऊन बसले ते पान नऊमधलंच शोधायला लागले, हमीपत्राचा फॉर्म कुठाय म्हणून. नव्हता. विभागच पगार देत असेल तर कुणाच्या हमीची गरज नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. ज्या पानासाठी मी त्या दारात हसू ऐकलं, ते पान मला लागणारच नव्हतं. ते बापाच्या पैशावर जाणाऱ्यांसाठी होतं. मद्रासला अमेरिकन वकिलातीत गेले, व्हिसा घेऊन आले.

आणि मग वकिलीणबाई आमच्या घरी आल्या. मलकपेठला, रिक्षानं, भर दुपारी. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दहा पोरांतला त्यांचा धाकटा, मी निघाले होते त्याच विद्यापीठात गेला होता आणि ब्रेड खाऊन खाऊन आजारी पडला होता. मायनं खुर्ची पुसली. स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं.

“नको गं, आत्ताच चहा घेऊन निघाले,” त्या म्हणाल्या. घामानं पदर भिजला होता. मग माझ्याकडं वळून, एकदम गोड: “दोन किलो मसाला घेऊन जा त्याच्यासाठी. आणि तू तिथं आहेसच, तर आठवड्यातनं दोनदा त्याला गरम करून घालत जा. तिकडं काही तसलं नसतं. कोण बघतंय तिकडं!”

मी तोंड उघडणार होते. माय आधी बोलली.

“बाई, तिकडचं तिकडं. इथं पाणी प्या आधी.”

“अगं, उपास आहे माझा.”

“आत्ता तर चहा म्हणालात.”

बाईंनी ग्लासाकडं बघितलं. मायकडं बघितलं. हात पदरातून निघालाच नाही. मग मायनं तो ग्लास उचलला आणि त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःच पिऊन टाकला, शेवटच्या घोटापर्यंत. पदरानं तोंड पुसलं.

“पाणी नक्को तर मसाला बी नक्को. उठा बाई, ऊन व्हायलंय.”

ज्या बाईनं मला थोबाडीत मारली होती, तीच ही.

निघायच्या आधी मी वहीत सगळं लिहून काढलं. खाण्याचं, पैशाचं, पत्र कसं लिहायचं, आणि हमीची कुणाला गरज नाही ते सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. मराठीत लिहिलं, मैत्रिणीकडून तेलुगूत करून घेतलं, शेजारच्या मास्तरांकडून उर्दूत. झेरॉक्स काढल्या, एका बाजूनं, पान पान सुटं. अफझलगंजच्या लायब्ररीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं गठ्ठा ठेवला. मागेल त्याला द्यायचं. नाव विचारायचं नाही, आडनाव तर नाहीच. दर वर्षी मी तो तिकडून दुरुस्त करून पाठवणार.

आणि तो धाकटा माझ्या दारात येईल, येणारच आहे, भूक कुणाला सोडत नाही. त्याला मी हाकलणार नाही. ताट वाढीन. पण आधी पाण्याचा ग्लास समोर ठेवीन, आणि फोन लावून त्याच्या हातात देईन. आईला सांग म्हणेन, कुणाच्या हातचं पाणी पितोयस ते. नाव घेऊन सांग. मग जेव.