तीन पेनांनी भरलेली संस्कार वही

माझी मुलगी महाडच्या एका कराटे क्लासला जाते. समाजमंदिराच्या हॉलमध्ये, भिंतीवर उरलेल्या पुराच्या पाण्याच्या रेघेखाली पोरं ओळीत उभी राहतात, सदाचाराची शपथ घेतात आणि मग एकमेकांना लाथा मारतात. सर म्हणतात, संस्कार नसतील तर कराटे म्हणजे नुसती मारामारी. म्हणून त्यांनी प्रत्येकाला छापील संस्कार वही दिली. रोजचे चार प्रश्न: खरं बोलला का, मोठ्यांचा मान राखला का, घरात मदत केली का, राग आवरला का. उत्तरं पालकांनी लिहायची आणि खाली सही करायची. वही पूर्ण नसेल तर बेल्टची परीक्षा नाही.

तीन महिने मुलगी वही पुढे करत होती आणि मी 'उद्या करू' म्हणत होतो. परीक्षेच्या रविवारी सकाळी वही कोरीच होती.

मी कचेरीत कारकून आहे. मागच्या तारखांच्या नोंदी ताज्या दिसू न देणं, एवढी एकच कला मला येते. मी तीन पेनं घेतली, त्यातलं एक संपत आलेलं. एका पानाला आमटीचं बोट लावलं. सगळीकडे 'हो' असलं की तपासणाऱ्याला संशय येतो, म्हणून अधूनमधून 'नाही' पेरलं.

मुलगी शेजारी बसून बघत होती. "बाबा, त्या मंगळवारी मी खोटं बोलले?"

"बोलली असशील एखादं."

"काय बोलले?"

"अगं, वही खरी वाटायला नको का?"

परीक्षेत तिचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, कुठेही चुकला नाही. शेवटी सरांनी आमचीच वही उंच धरली. "बघा! या पालकांनी मुलीचे दोषसुद्धा प्रामाणिकपणे लिहिलेत." टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की आजही माझे कान तापतात.

मुलीनं हात वर केला. "सर, ती बाबांनी आज सकाळी भरली. तीन पेनांनी."

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आपल्या पोराची वही हळूच मांडीखाली सरकवली.

"काय हो?" सरांनी मला विचारलं.

'हो' एवढंच म्हणायचं होतं. मी हसलो. "लहान आहे, सर. काहीतरी बोलते."

सरांना हायसं वाटलेलं दिसलं. नाहीतर सगळ्याच वह्या उघडाव्या लागल्या असत्या. ते मुलीला म्हणाले, "वडिलांना चारचौघांत खोटं पाडायचं? दुसरा प्रश्न काय आहे वहीत?" तिचा हिरवा बेल्ट पुढच्या परीक्षेपर्यंत राखून ठेवला. तिनं नियमाप्रमाणे वाकून सरांना नमस्कार केला. मग मलाही केला.

कापडे गावाहून आमच्याकडे राहायला आलेली आई घरी वाल सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "पोर खरं बोलली, मंग पट्टा का नाय दिला रे?"

"तिथले नियम असतात, आई."

"कसले नियम? खोटा तू, टाळ्या तुला, नि शिक्षा पोरीला! तुज्या कचेरीतलेच दिसतात."

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठून खरं सांगितलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "मला ठाऊक होतं हो. सगळ्यांच्या तशाच असतात. पण आता निकाल बदलला तर कारण काय दाखवू?" मग जरा घुटमळून म्हणाले, "पुढच्या बॅचसाठी नमुना म्हणून तुमची वही ठेवून घेतली तर चालेल?"

मी नाही म्हणालो नाही.

घरी येऊन मुलीला सांगितलं, "सरांना खरं सांगून आलो."

"सगळ्यांसमोर?"

"नाही. सर एकटेच होते."

"बरं," ती म्हणाली आणि जुना नारंगी बेल्ट बांधून क्लासला गेली.

तिला आता नवी वही मिळाली आहे. पण 'सही करा' म्हणून ती माझ्याकडे येत नाही. संध्याकाळी आजीजवळ बसून चारही प्रश्न मोठ्यानं वाचते आणि उत्तरं सांगते. आजी प्रत्येक उत्तरावर उलटे चार प्रश्न विचारते, आणि समाधान झालं तरच शाईत अंगठा बुडवते.