मोठीआईचं मत, माझा शिक्का

मी माझ्या मोठीआईचं मत चोरलं.

आज सकाळी ती गेली, म्हणून आता लिहिते आहे. याला हिंमत म्हणू नका. हिंमत असती तर तेव्हाच बोलले असते.

मोठीआई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पुढे मोठेबाबाही गेले. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि ऑफिसांच्या वेताच्या खुर्च्या विणायची.

मला आईपेक्षा तिचाच लळा जास्त.

कोणी हात धरून ओढलं की तिचं डोकं सणकायचं. "मी काय बकरी आहो का?"

सत्तरच्या दशकातल्या एका इलेक्शनला ती मत द्यायला गेली. बूथवरच्या साहेबांनी बाबांना दारातच थांबवलं आणि भर खोलीत तिला मोठ्यानं विचारलं, "बाई, कोणाला देता? तुमचा शिक्का मी मारतो."

समोर सगळ्या पार्ट्यांचे एजंट बसलेले. त्यातला एक तर तिला खुर्च्यांचं काम देणारा ठेकेदारच.

मोठीआईनं खरं ते सांगितलं. दुसऱ्याच दिवशी खुर्च्या यायच्या बंद झाल्या. कित्येक महिने ती रिकाम्या हातानं बसून राहिली.

मग तिला कोणीतरी सांगितलं की सोबत आपला माणूस नेता येतो, फक्त तो एकवीसचा पाहिजे.

"बाबांना ने ना," मी म्हटलं.

"तुया बाप तं आपलंच दामटन. मले तूच पाह्यजे. तू एकवीसची कधी होशीन वं?"

दर दिवाळीला हेच विचारायची. माझ्या लग्नाची घाई बाकी सगळ्यांना. हिला माझ्या एकवीसची.

आणि मी झाले एकवीसची. बीएच्या शेवटच्या वर्षाला, दीडशहाणी! आमचा सगळा ग्रुप 'शिडी' निशाणीवाल्या कँडिडेटच्या मागे वेडा होता. गल्लोगल्ली पोस्टर चिकटवून माझ्या बोटांची सालं निघाली होती.

मोठीआईला मत द्यायचं होतं 'छत्री'ला. एक रिटायर कंपाउंडर उभा होता. ना पैसा, ना माणसं.

"काहून पण? तो काय निवडून येते का?"

"त्यानं मले दवाखान्यात विचारलं होतं, बाई, माझ्या खांद्यावर हात ठेवता का? ओढलं नाही मले."

"एवढ्यासाठी कोणी मत देते का?"

"मी देतो ना वं."

मला हसू आलं होतं. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

बूथवर माझ्याकडून एका फॉर्मवर सही घेतली. मतदाराच्या इच्छेप्रमाणे शिक्का मारीन आणि मत गुप्त ठेवीन. मी ऐटीत इंग्रजीत सही ठोकली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघीच. एका हाताने तिनं माझं मनगट धरलेलं.

"छत्री," ती कानात म्हणाली. "सगळ्यात खाली आहे म्हणते."

होती. सगळ्यात खालीच होती. आणि शिडी वरून दुसरी.

मनात आलं, हिचं मत वाया जाणार. हिला काय कळते? आपल्याला एक मत वाढेल.

मी शिडीवर शिक्का मारला.

"मारला?"

"हो."

"छत्रीवरच ना वं?"

"हो गं."

कागद तिनं स्वतःच्या हाताने पेटीत टाकला. पेटीची फट बोटांनी चाचपून, अगदी जपून.

घरी आल्या आल्या ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

निकाल लागला. शिडी पडली, छत्रीही पडली, तिसराच आला. कशासाठी केलं मी हे सगळं?

पुढच्या वेळी मी तयार होऊन बसले, तर मोठीआई म्हणाली, "तू राहू दे. मी शेवंताबाईसंग जातो." शेवंताबाई म्हणजे शेजारीण, सही करायलासुद्धा अंगठाच.

आणि मला काय वाटलं सांगू? सुटले बाई. इतकी मी नीच.

त्यानंतर तिनं मला कधीच आत नेलं नाही. मशीनवर ब्रेल आलं तेव्हा या वयात ती कोणाकडून तरी ते आकडे शिकली आणि एकटी आत गेली. मला म्हणाली, "तू भायेरच थांब." बाहेर आली ती हसत. मतदानाच्या दिवशी तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर हात जोडून सांगते, सोबत जा. पण आत जाताना आपली अक्कल बाहेर ठेवा.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मला राहवलं नाही.

"मोठीआई, त्या वक्ती मी छत्रीवर नव्हता मारला."

"माहीत आहे मले. तेव्हाच समजलं. तुया हात खाली गेलाच नाही."

"मग बोलली काहून नाही? साहेब होते तिथं, ओरडायचं ना!"

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"कोणाले सांगू वं? आत तं तूच होती."

मी तिचे पाय धरून रडले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. पाणी मागितलं, तेवढं मी पाजलं.

दुपारी चार वाजता घरून नेणार आहोत. ओळखीच्यांनी यावं.

मोठीआई, तुझी गुन्हेगार तुला शेवटचा नमस्कार करते.