डिस्ट्रिक्टकाकांचं मत

अमेरिकेत, शॉमबर्गला नवीन आलेल्या मराठी माणसाला बाकीचे विचारायचे, "पुण्याचे की मुंबईचे?" डिस्ट्रिक्टकाका विचारायचे, "तुमचा स्टेट हाउसचा डिस्ट्रिक्ट कोणता?" म्हणजे राज्याच्या विधानसभेचा मतदारसंघ. मी नागपूरचा, आयटीतला, व्हिसावर आलेला. म्हटलं, "काका, मला कुठे मत आहे!" ते म्हणाले, "मत नसलं तरी आमदार तुझाही आहेच. निदान नाव तरी माहीत करून घे."

काका रिटायर्ड इंजिनिअर. सिटिझन झाल्यापासून त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. आपल्या डिस्ट्रिक्टचा इतिहास ते नात्यातल्या माणसांविषयी बोलावं तसा सांगत. आज जिथे ऑफिसं आहेत तिथे मक्याची शेतं होती, तेव्हा इथून शेतकरी निवडून येत. मग घरं बांधणारे बिल्डर आले, मग वकील. कोण कशामुळे पडला हेही त्यांना ठाऊक असे, पण पडलेल्याला ते कधी हसले नाहीत. "उभा तर राहिला ना? आपण तेवढंही केलं नाही," म्हणायचे.

मग त्यांची मुलगी मीनल उभी राहिली. इथेच जन्मलेली, शाळेत शिकवणारी, काकांच्या घरापासून पाच मिनिटांवर राहणारी. काकांना आनंद झाला, पण जनगणनेनंतर डिस्ट्रिक्टच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या होत्या आणि नवी रेघ नेमकी काकांच्या रस्त्यावरून गेली होती. समोरची घरं मीनलच्या डिस्ट्रिक्टमध्ये. काकांचं घर बाहेर.

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांनी एकच उपाय सुचवला. "काका, तुमचा आणि काकूंचा पत्ता मीनलच्या घरचा करून टाका. कोण बघतंय?"

"झोपतो इथे आणि मत तिथे?" काका म्हणाले. "ते जमणार नाही."

काकू चिडल्या. "पोटच्या पोरीसाठीसुद्धा नाही?"

"तिच्यासाठी तर मुळीच नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर ते तिच्याकडे दाखवतील."

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीनलने मात्र "बाबा, इट्स ओके, इट्स जस्ट टू व्होट्स," म्हणून विषय संपवला.

त्यानंतर काकांनी डिस्ट्रिक्ट पायाखाली घातला. गुडघे दुखत होते, म्हणून शनिवारी मी गाडी चालवायचो आणि ते दारं वाजवायचे. काहींनी दार उघडलं नाही, एकाने कुत्रा सोडला. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं. थंडी वाढली तसं मी म्हणालो, "काका, उरलेली गल्ली फोनवर करू या." ते तोवर उतरून चालायलाही लागले होते.

मीनल थोडक्यात हरली. आम्ही सगळे तिच्या घरी होतो. ती काकांजवळ येऊन बसली. "बाबा, आय ॲम सॉरी."

"सॉरी कशाला? जिंकलेल्याला अभिनंदनाचा फोन केलास का?"

तिने केला नव्हता. ती उठून किचनमध्ये गेली. तिचा आवाज ऐकू येत होता, तेवढा वेळ काका चष्मा पुसत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

पुढच्या वर्षी काका गेले. हार्ट अटॅक आला, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. अंत्यदर्शनाला मंडळाची माणसं होतीच, पण ज्यांना आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं अशीही बरीच अमेरिकन माणसं आली होती. त्यातल्या एक वयस्कर बाई काठी टेकत काकूंपाशी आल्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच पक्षाला मत दिलं होतं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"तुमचे मिस्टर माझ्या दारात आले होते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला म्हणाले, ही माझी मुलगी आहे. मला तिला मत देता येत नाही, म्हणून तुमचं मागायला आलोय."

काकूंनी त्यांचा हात धरला. "मग?"

"मग काय," बाई म्हणाल्या, "दिलं."